अमेरिकेत शिकताना थंडीत गाडी ठेवायची का, आणि ठेवलीच तर कशी

ऑगस्टमध्ये नवीन बॅच आली की सप्टेंबर संपायच्या आत प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच प्रश्न येतो, स्नो सुरू व्हायच्या आधी गाडी घेऊन ठेवू का, एक सीनियर कोरोला विकतोय. मी बफेलो (न्यूयॉर्क राज्यातलं) धरून लिहितेय कारण तिथलं मला नीट माहितीय, पण सिराक्युज, मॅडिसन, मिनियापोलिस, ॲन आर्बर कुठेही असाल तरी बरंचसं लागू पडेल. माझं मत आधीच सांगते. पहिल्या थंडीत बहुतेकांना गाडी लागत नाही, आणि ज्यांना लागते त्यांना ती स्नोमुळे नाही तर घर कुठे घेतलंय त्यामुळे लागते. म्हणून सुरुवात गाडीपासून करूच नका, घराचं लीज (भाडेकरार) साइन करायच्या आधी बसचं टाइमटेबल उघडा.

बफेलोत युनिव्हर्सिटीचे नॉर्थ आणि साउथ असे दोन मोठे कॅम्पस आहेत आणि त्यांच्यामध्ये स्टॅम्पीड नावाची बस फुकट चालते. साउथ कॅम्पसला मेट्रो रेलचं शेवटचं स्टेशन आहे, तिथून मेन स्ट्रीटखालून सरळ डाउनटाउनला जाता येतं. त्यामुळे साउथ कॅम्पसच्या आजूबाजूला राहिलात तर क्लास, लॅब, लायब्ररी सगळं गाडीशिवाय होतं. मॅडिसनला बस पास स्टुडंट फीमधूनच मिळतो, मिनियापोलिसला पण फीमधून ट्रान्झिट पास आहे, ॲन आर्बरला एमकार्ड (युनिव्हर्सिटीचं ओळखपत्र) दाखवून गावातल्या बसमध्ये बसता येतं. म्हणजे हे पैसे तुम्ही भरलेलेच असतात. फक्त चार गोष्टी बघा: स्टॉप घरापासून चालत किती मिनिटांवर आहे (उणे १५ सेल्सियसमध्ये दहा मिनिटं म्हणजे खूप असतात हो), रात्री लॅब संपल्यावर शेवटची बस किती वाजता, शनिवार-रविवारी किती बस, आणि सुट्ट्यांमध्ये काय होतं. शेवटचं लोक विसरतात, ब्रेकमध्ये कॅम्पस बस एकदम कमी होतात.

मग खरी गरज कुणाला? ज्यांची इंटर्नशिप किंवा को-ऑप (शिकतानाच केलेली नोकरी) अशा ऑफिसात आहे जिथे बस जातच नाही, नर्सिंग-फार्मसीवाले ज्यांना सकाळी सहाला हॉस्पिटलला पोचायचंय, ज्यांच्यासोबत बायको किंवा नवरा आणि लहान मूल आहे, आणि ज्यांना भाडं कमी म्हणून लांब राहायला लागलंय. यांनी नक्की ठेवावी, त्याबद्दल खाली लिहिलंय. पण इंडियन स्टोअरमधून पंधरा दिवसांनी आटा-तांदूळ आणायचा, एअरपोर्टला कुणाला सोडायचं, मंडळाच्या कार्यक्रमाला जायचं, एवढ्यासाठी गाडी नको. चौघं मिळून उबर करा, नाहीतर एका दिवसासाठी रेंटल घ्या (२५ च्या आत असाल तर वरती जास्तीचा चार्ज लागतो तो धरून), तरी स्वस्त पडतं.

हिशोब करताना सगळे गाडीची किंमत बघतात. ती बघू नका, महिन्याला काय जाणार ते कागदावर लिहा. समजा इन्शुरन्स १८० डॉलर, गॅस (म्हणजे पेट्रोल) ६०, पार्किंग परमिट आणि ऑइल चेंजचे मिळून ३०, रिपेअरसाठी बाजूला ५०, विंटर टायरचे पैसे दोन वर्षांवर पसरले तर महिन्याला ३०, झाले ३५०. आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही घाला. एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, त्या पगारातून हे निघणार आहेत का घरून मागवायला लागणार, हे आईबाबांना फोन करायच्या आधी स्वतः बघा. यात सगळ्यात जड असतो तो इन्शुरन्स, कारण इकडची ड्रायव्हिंग हिस्टरी शून्य. पुण्यात पाच वर्षं गाडी चालवलीत ते बहुतेक कंपन्या धरतच नाहीत. म्हणून गाडी बघायला जायच्या आधी, तेच मॉडेल तेच वर्ष टाकून ऑनलाइन तीन-चार कंपन्यांचे कोट (इन्शुरन्स कितीला पडेल ते) काढा. आणि रूममेट पण चालवणार असेल तर त्याचं नाव पॉलिसीवर हवं. दोघातिघांनी मिळून गाडी घ्यायची आणि नाव एकाचंच ठेवायचं हा प्रकार करू नका, ॲक्सिडेंट झाला की मैत्री आणि पैसे दोन्ही जातात.

आता ठेवायचीच ठरवली तर.

जुनी गाडी घेताना खालून वाकून बघा. इकडे रस्त्यावर टनावारी मीठ टाकतात आणि त्याने गाड्या खालून सडतात, वरून चकचकीत आणि खाली ब्रेक लाइन, सबफ्रेम, एक्झॉस्ट गंजलेलं, हे नेहमीचं आहे. विकणारा कितीही ओळखीचा असला तरी एखाद्या स्वतंत्र मेकॅनिककडे लिफ्टवर चढवून दाखवा, शंभर-दीडशे डॉलर जातील पण तेच पैसे वाचवायच्या नादात लोक फसतात. न्यूयॉर्क राज्यात दरवर्षी गाडीचं इन्स्पेक्शन लागतं, सडलेली गाडी त्यात अडकते आणि मग खर्च तुमच्या गळ्यात. थंडीभर आठवडा-दोन आठवड्यांनी अंडरकॅरेज वॉश (गाडी खालून धुणं) मारत जा.

ऑल व्हील ड्राइव्हच्या (इंजिनचा जोर चारही चाकांना जातो त्या गाडीच्या) मागे लागू नका. इथे माझं मत ठाम आहे. ऑल व्हील ड्राइव्ह गाडी जागेवरून निघायला मदत करतं, थांबवायला अजिबात नाही, आणि थंडीत ॲक्सिडेंट होतात ते गाडी थांबली नाही म्हणून. दोन हजार डॉलर जास्त देऊन एसयूव्ही घेण्यापेक्षा साधी फ्रंट व्हील ड्राइव्ह सिव्हिक घ्या आणि तिला चार चांगले विंटर टायर लावा. साधारण ७ डिग्री सेल्सियसच्या खाली नेहमीच्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं आणि पकड जाते, विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, म्हणजे रस्ता कोरडा असला तरी फरक पडतो. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि आत बर्फाची चांदणी असं चिन्ह असतं, ते बघून घ्या, नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो) लिहिलेलं पुरत नाही. आणि चारही लावा. पुढे दोन लावून पैसे वाचवले तर वळणावर मागची बाजू सुटते आणि गाडी गोल फिरते. चारचा सेट लहान गाडीला ५०० ते ८०० डॉलरच्या आसपास जातो, थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या सुट्टीच्या) सुमारास लावायचे आणि एप्रिलमध्ये काढायचे. एवढे नाहीच जमले तर तेच चिन्ह असलेले ऑल वेदर टायर घ्या, वर्षभर ठेवता येतात. कायद्याने बहुतेक राज्यांत २/३२ इंच ट्रेड (टायरवरच्या खाचांची खोली) चालतो पण स्नोमध्ये ५/३२ च्या खाली गेलेला टायर माझ्या दृष्टीने संपलेला आहे. आणि हो, तापमान १० फॅरनहाइटने उतरलं की टायरमधल्या हवेचा दाब साधारण १ पीएसआयने उतरतो, म्हणून पहिल्या थंडीत सकाळी टायरचा दिवा लागतो, घाबरू नका पण हवा भरा.

बॅटरी. तीन-चार वर्षं जुनी असेल तर ऑक्टोबरमध्येच टेस्ट करून घ्या, बरीच पार्ट्सची दुकानं फुकट करून देतात. शून्य फॅरनहाइट म्हणजे उणे १८ सेल्सियसला बॅटरीची निम्म्याहून जास्त ताकद गेलेली असते आणि नेमकं तेव्हाच इंजिनला जास्त जोर लागतो. वॉशर फ्लुइड उणे २० फॅरनहाइटवालं भरा, पाणी अजिबात नको, ते पाइपातच गोठतं. मिठाचा चिखल काचेवर उडतो आणि फ्लुइड संपलं तर हायवेवर अक्षरशः काही दिसत नाही. गॅस अर्ध्या टाकीच्या खाली जाऊ देऊ नका. काचेवर बर्फ असेल तर गरम पाणी ओतू नका, काच तडकते, डिफ्रॉस्ट लावा, एसी चालू ठेवा (एसी हवा कोरडी करतो), आणि स्क्रेपरने काढा. छतावरचा सगळा स्नो पण काढायचा, समोरच्या काचेपुरती खिडकी करून निघू नका, ब्रेक मारला की तो ढीग तुमच्याच काचेवर घसरतो नाहीतर उडून मागच्याच्या अंगावर जातो.

डिकीत ठेवायचं सामान: लांब दांड्याचा ब्रश-स्क्रेपर, छोटं फावडं, ब्लँकेट, जास्तीचे ग्लोव्ह्ज आणि टोपी, टॉर्च, जंप स्टार्टर, चाकाखाली टाकायला किटी लिटर (मांजराच्या ट्रेमध्ये घालतात ती दाणेदार माती) किंवा वाळूची पिशवी, फोनचा चार्जर, पाणी, आणि खायला चिक्की नाहीतर भाजलेले शेंगदाणे, हे थंडीत खराब होत नाहीत आणि पोटाला आधार देतात.

पार्किंगचं आधी विचारून घ्या, घरमालकाला आणि सिटीच्या वेबसाइटला. मॅडिसनला थंडीत नियम लागू असेल तेव्हा रात्री एका दिवशी रस्त्याच्या एका बाजूला आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूला गाडी लावायची असते, प्लाऊला (स्नो ढकलणाऱ्या ट्रकला) जागा मिळावी म्हणून. मिनियापोलिसला स्नो इमर्जन्सी जाहीर झाली की तीन दिवसांचे वेगळे नियम लागतात. चुकलं की तिकीट, आणि टो झाली तर ती सोडवायला परत वेगळे पैसे. ड्राइव्हवे असलेलं घर असेल तर स्नो कोण काढणार हे लीजमध्ये लिहून घ्या, कारण तुम्ही तासभर खपून साफ केल्यावर प्लाऊ येतो आणि तोंडाशी परत दोन फुटांचा बांध घालून जातो.

आता चालवणं. आपल्याकडची मुलं म्हणतात की आम्ही भर पावसात घाटात चालवलीय, आम्हाला काय. ती सवय थोडी कामाला येते, धुक्यात सावकाश जाणं, उतारावर खालचा गिअर वापरणं वगैरे. पण ओल्या रस्त्यावर टायरला काहीतरी पकड असते, बर्फावर ती इतकी कमी होते की थांबायला चार-पाच पट अंतर लागू शकतं. त्यातही उणे २० सेल्सियसपेक्षा शून्य सेल्सियसच्या आसपासचं तापमान जास्त वाईट, कारण बर्फ वरून वितळून ओला झालेला असतो. म्हणून पुढच्या गाडीपासून कमीत कमी ६ सेकंद, बर्फ दिसत असेल तर ८-१० सेकंद अंतर ठेवा. क्रूझ कंट्रोल (गाडी आपोआप एकाच स्पीडने चालवतं ते) बंद. पुलावर आणि फ्लायओव्हरवर आधी बर्फ धरतो कारण खालूनही थंड हवा लागते. ब्लॅक आइस म्हणजे रस्त्यावरचा पातळ पारदर्शक बर्फ दिसत नाही, रस्ता नुसता ओला दिसतो, तर थंडीत ओला दिसणारा प्रत्येक रस्ता गोठलेला आहे असं धरून चला. गाडी घसरलीच तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, जिकडे जायचंय तिकडे बघा आणि तिकडेच स्टिअरिंग हळू वळवा. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम) असेल तर ब्रेक दाबून धरा, पायाला थरथर लागते ती नॉर्मल आहे, घाबरून सोडू नका. पहिला स्नो पडला की रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या मोठ्या पार्किंग लॉटमध्ये परवानगी असेल तिथे जाऊन हे सगळं हळू स्पीडने करून बघा, सोबत आधी थंडी काढलेला कुणीतरी असू दे.

आणि काही दिवस असे असतात की टायर, बॅटरी, अनुभव सगळं असूनही गाडी काढायचीच नाही. फ्रीझिंग रेनला (पडल्या पडल्या गोठणाऱ्या पावसाला) कुठलाही साधा टायर उपयोगाचा नाही. बफेलोचा लेक इफेक्ट स्नो तर वेगळाच असतो, लेक ईरीचं पाणी अजून गोठलेलं नसतं, त्यावरून थंड वारा येतो, वाफ उचलतो आणि एका अरुंद पट्ट्यात ओततो, म्हणजे तुमच्या घरावर ऊन आणि दहा मैलांवर समोरचं बोनेट दिसत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ख्रिसमसच्या वेळी जो ब्लिझर्ड आला त्यात ईरी काउंटीत ४० हून जास्त माणसं गेली, त्यातली काही आपापल्या गाडीतच अडकलेली होती. ट्रॅव्हल बॅन (गाडी रस्त्यावर काढायला बंदी) लागला की तो कायदा असतो, सल्ला नसतो. निघायच्या आधी नॅशनल वेदर सर्व्हिसचा अंदाज आणि ५११ वर (रस्त्यांची माहिती देणारी सरकारी सेवा) रस्त्याची स्थिती बघा. प्रोफेसरला मेल टाका, शिफ्ट सोडा, मित्राला एअरपोर्टवर थांबायला सांगा. तरी कुठे अडकलातच तर गाडी सोडून चालत जाऊ नका, ९११ ला फोन करा, सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला स्नो काढा, तासाला साधारण १० मिनिटंच इंजिन चालवा आणि तेव्हा एक खिडकी जराशी उघडी ठेवा. एक्झॉस्ट बंद झाला की कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. हे घरी गराजमध्ये गाडी गरम करतानाही लक्षात ठेवा, दार उघडं असलं तरी आत चालू ठेवू नका. तशीही आताच्या गाड्यांना पंधरा मिनिटं गरम करायची गरज नसते, काचा साफ होईपर्यंत पुरे आणि मग हळू निघायचं.

विंटर ब्रेकला भारतात जाणार असाल तर तीन-चार आठवडे गाडी तशीच उभी राहते, बॅटरी उतरते आणि वर पार्किंगचे नियम तुमच्यासाठी थांबत नाहीत. रस्त्यावर ठेवून जाऊ नका. एखाद्या मित्राच्या ड्राइव्हवेत लावा, चावी द्या, आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवायला सांगा, आणि त्याचं नाव पॉलिसीत बसतं का ते इन्शुरन्सवाल्याला आधी विचारा. कुणीच नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून जा. हँडब्रेक ओढू नका, गोठून चिकटतो, सपाट जागी पार्कमध्ये ठेवली की पुरे.

डिग्री झाल्यावर विकताना मे महिन्यात सगळेच विकत असतात, भाव पडतो, शक्य असेल तर मार्चपासूनच विचारायला लागा, आणि विंटर टायर वेगळे विकायचे असतील तर ते ऑक्टोबरपर्यंत कुणाकडे तरी ठेवून जा, तेव्हा पटकन जातात. न्यूयॉर्कमध्ये असाल तर आधी नंबर प्लेट डीएमव्हीला (तिथल्या आरटीओला) परत करा, पावती घ्या आणि मगच इन्शुरन्स बंद करा. उलटं केलं तर दंड लागतो आणि लायसन्स सस्पेंड होऊ शकतं, आणि तेव्हा तुम्ही दुसऱ्या राज्यात नवीन नोकरीवर हजर होत असता.