जुन्या सेफ्टी रेझरवर नवा मुलामा चढवताना या चुका टाळा

जुन्या रेझरचा मुलामा उडाला की पहिला प्रश्न पडतो तो रंगाचा: सोनेरी की रुपेरी? खरं तर हा प्रश्न शेवटी यायला हवा. खालचा धातू कोणता आणि थर किती जाड, यावरच रंग टिकणार की नाही हे ठरतं.

सगळ्यात महागात पडते ती जस्ताच्या मिश्रधातूला पितळ समजण्याची चूक. लोहचुंबक दोन्हींना चिकटत नाही, त्यामुळे ती परीक्षा इथे निरुपयोगी. झिजलेल्या जागी पिवळं दिसलं तर पितळ. करडं दिसलं, पांढरी भुकटी धरली असेल किंवा फोड आले असतील तर बहुधा जस्त. शंका असेल तर डिजिटल काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. सुटा, भरीव भाग दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. 40 ग्रॅमचा भाग पितळी असेल तर काटा साधारण 4.7 ग्रॅम दाखवतो, जस्ताचा असेल तर 6 च्या आसपास. पोकळ दांड्यावर हे करू नका, आत अडकलेली हवा आकडा बिघडवते. जस्ताचा भाग निघाला तर मुलामा देणाऱ्याला आधीच सांगा. आम्ल जस्ताला खातं, आणि तांब्याचा पातळ थर न देता तो थेट निकेलच्या टाकीत (विजेने मुलामा चढवायच्या द्रावणात) गेला तर मुलामा फुगून सुटतो.

दुसरी चूक म्हणजे कठीण असतो म्हणून डोळे मिटून क्रोम निवडणं. क्रोम खोबणीत नीट पोहोचत नाही. दांड्याची गाठ पिळून उघडणाऱ्या रेझरच्या झडपांची (पात्यावर मिटणाऱ्या दोन पाळ्यांची) आतली बाजू आणि दांड्यावरच्या खरखरीत नक्षीचे खोलगट भाग उघडे राहतात, तर कडांवर वीज एकवटून थर करपल्यासारखा करडा पडतो. शिवाय शोभेचं क्रोम अर्ध्या मायक्रॉनहूनही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ असतं. गंजापासून राखतं ते खालचं निकेल. क्रोमची झाक निळसर, निकेलची किंचित पिवळसर. जुने पितळी रेझर बहुतांशी निकेलचेच असत, म्हणून मूळ रूप हवं असेल तर निकेलच घ्यावं. निकेलची ॲलर्जी असेल तर वर ऱ्होडियम हा प्लॅटिनमच्या गटातला धातू द्या: पांढरं, कठीण, काळं न पडणारं. चांदी गंधकाने काळवंडते, रोज ओल्या हातात येणाऱ्या वस्तूला ती सोयीची नाही.

सोनं हवं असेल तर जाडी विचारा. 0.1 मायक्रॉनचा थर अंगठा टेकतो तिथून आणि तळच्या गाठीवरून लवकर उडतो. किमान 1 मायक्रॉन, तेही कठीण सोन्याचं (दुसरा धातू किंचित मिसळून टणक केलेलं), मागा. खाली निकेल हवंच, नाहीतर पितळेतलं तांबं आणि जस्त हळूहळू वर झिरपून सोनं मळकट दिसतं.

मुलाम्याने खड्डे बुजत नाहीत, उलट चकाकीत ते जास्त उठून दिसतात. पण म्हणून बफिंगच्या चाकावर रेझर मोकळा सोडू नका. पात्याखालच्या सुरक्षा पट्टीची कड गोल झाली तर पात्याचा कोन बदलतो, आणि जिलेटच्या रेझरवरची निर्मितीचा काळ सांगणारी अक्षरं एकदा पुसली गेली की कायमची गेली. तिथे हातानेच पॉलिश करायला सांगा.

आट्यांकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. 60 अंशांच्या आट्यांवर 10 मायक्रॉनचा थर बसला की त्यांचा मध्यव्यास (आट्याच्या उंचीच्या मध्यावर मोजलेला व्यास) सुमारे 40 मायक्रॉनने वाढतो आणि दांडा घट्ट अडकतो. आटे झाकूनच टाकीत सोडायला सांगा. पोलादी स्प्रिंग काढून ठेवा, आम्लात ती ठिसूळ होऊ शकते. झडपांचा रेझर न उघडता टाकीत घालू देऊ नका. आत साचलेलं द्रावण नंतर सांध्यांतून पाझरतं आणि नव्या मुलाम्यावर डाग पडतात.

रेझर परत आला की पातं बसवून उजेडात धरा. दोन्ही बाजूंना पात्याची धार सारखीच बाहेर दिसली पाहिजे. एका बाजूला जास्त दिसली तर पातं धरणाऱ्या खुंट्यांवर थर जाड झालाय किंवा पॉलिश करताना पात्यावरची टोपी वाकली आहे. दाढी करण्याआधी तो परत पाठवा.