इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग आणि मॅनेजमेंट एकत्र शिकायचंय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती नाव बघून अर्ज भरण्याची चूक. १९६३ साली पवईत सुरू झालेली नीटी ही इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगची संस्था २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. तिथलं ऑपरेशन्स आणि सप्लाय चेनचं (माल पुरवठा साखळीचं) एमबीए कॅट या मॅनेजमेंटच्या प्रवेश परीक्षेवर मिळतं. जवळच आयआयटी मुंबईत इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग अँड ऑपरेशन्स रिसर्चचं एमटेक आहे, त्यासाठी गेट ही इंजिनिअरिंगची परीक्षा लागते. पहिल्यात फायनान्स आणि मार्केटिंगही शिकावं लागतं, दुसऱ्यात ऑप्टिमायझेशन आणि संभाव्यताशास्त्राचं गणित. गणिताचा कंटाळा असणारा मुलगा दुसरीकडे गेला, की दोन वर्षं अक्षरशः ओढत नेतो. म्हणून आधी पहिल्या सत्राचे विषय वाचा.

निर्णय डिसेंबरवर ढकलू नका. कॅट नोव्हेंबरअखेर होते आणि तिचे अर्ज साधारण सप्टेंबरातच बंद होतात. यंदा कॅट हुकली तरी गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. कॅटचा मात्र त्याच वर्षीच्या प्रवेशापुरता.

मुलाखतीतली चूक मला जास्त खटकते, कारण ती हुशार मुलांकडून होते. चाकणच्या कारखान्यात इंटर्नशिप केलेला विद्यार्थी सांगतो, ‘असेंब्ली लाइनवरच्या एका स्टेशनचा वेळ मी ४० सेकंदांवरून ३० वर आणला, उत्पादकता वाढली.’ पुढचं स्टेशन ४५ सेकंद घेत असेल, तर दिवसाअखेर एकही नग जास्त निघालेला नसतो. मध्ये अर्धवट माल तेवढा साचतो. परीक्षक नेमकं हेच विचारतात. आधी टॅक्ट टाइम, म्हणजे मागणी पुरी करायला किती वेळात एक नग निघायला हवा, तो काढा: पाळीत कामाची ४५० मिनिटं आणि मागणी ६०० नगांची, म्हणजे दर ४५ सेकंदांना एक नग. मग अडथळा कुठे होता आणि सुधारणेनं किती पैसे वाचले, ते सांगा. इंजिनिअरिंग आणि मॅनेजमेंटचा सांधा इथेच जुळतो, आणि तो तुम्हाला दिसतो का, हे त्यांना पाहायचं असतं.

जर्मनीला जायचं असेल तर तिथल्या विर्टशाफ्ट्सइंजेनिअरवेझन (इंजिनिअरिंग आणि मॅनेजमेंट एकत्र) या मास्टर्सच्या अटी नीट वाचा. बऱ्याच विद्यापीठांना पदवीत अर्थशास्त्र-व्यवस्थापनाचे ठरावीक क्रेडिट लागतात. आपल्याकडच्या मेकॅनिकलच्या गुणपत्रिकेत ते कमी भरतात, आणि चांगले गुण असूनही अर्ज फेटाळला जातो. अजून तिसऱ्या वर्षाला असाल, तर अर्थशास्त्र किंवा कॉस्टिंगचा ऐच्छिक विषय आत्ताच घ्या.