स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांसाठी साधने निवडताना

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासाठी एखादे साधन विकत घेताना किंमत पाहण्याच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: हे वापरायला आईला किंवा बाबांना नवे काही शिकावे लागणार आहे का? या आजारात बहुधा ताज्या गोष्टी ध्यानात ठेवण्याची शक्ती आधी जाते आणि जुन्या सवयी पुष्कळ काळ टिकून राहतात. म्हणून जे साधन जुन्या सवयीत मिसळून जाते किंवा रुग्णाच्या नकळत आपले काम करते, तेच घरात वापरले जाते. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातील आमच्या घरी आईसाठी ठावठिकाणा कळवणारे मनगटी घड्याळ आणले, तेव्हा ते कोणाचे तरी विसरून राहिले असावे असे समजून तिने ते पहिल्याच दिवशी देव्हाऱ्यात नेऊन ठेवले. पुढे तसेच लहानसे उपकरण आम्ही तिच्या बटव्याच्या अस्तरात शिवले, कारण बटव्याशिवाय ती कधीच उंबरा ओलांडत नसे.

खरेदीपूर्वी दोन कामे करावीत. पहिले म्हणजे डॉक्टरांकडून नीट तपासणी, कारण ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचे विकार आणि काही औषधे यांमुळेही विसरभोळेपणा येतो. शिवाय कानातील मळ किंवा वाढलेला मोतीबिंदू यांमुळे माणूस आहे त्याहून अधिक गोंधळलेला दिसतो. योग्य नंबरचा चष्मा आणि कानाचे यंत्र हीच कित्येकदा सर्वांत उपयोगी साधने ठरतात. दुसरे काम म्हणजे आठवडाभर एका वहीत कोणत्या वेळी काय चुकते याची नोंद ठेवणे. दिवेलागणीच्या सुमारास अस्वस्थता वाढते, असे अनेक घरांत आढळेल, आणि मग पैसे कोठे खर्च करायचे हे ती वहीच सांगते.

सर्वांत मोठी धास्ती असते ती रुग्ण घराबाहेर निघून जाण्याची. आपल्याकडच्या जुन्या घरांना पुढचे, मागचे आणि न्हाणीकडचे असे तीन-चार दरवाजे असतात, आणि प्रत्येकावर चुंबकी घंटी बसवता येते: तिचा एक तुकडा चौकटीला आणि दुसरा फळीला चिकटवतात, आणि दार उघडताच आवाज होतो. मात्र हा आवाज दाराशी न होता सांभाळणाऱ्याच्या खोलीत व्हावा असाच प्रकार निवडावा, नाहीतर रुग्ण दचकून अधिकच बावरतो. अंगणातील विहिरीला नुसता कठडा पुरेसा नाही. तिच्यावर लोखंडी जाळी बसवून तिला कुलूप लावावे. हे काम मी कोणत्याही इलेक्ट्रॉनिक वस्तूच्या आधी करीन.

ठावठिकाणा कळवणाऱ्या उपकरणांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत आणि त्यांतील फरक बहुतेक दुकानदार सांगत नाहीत. जीपीएसच्या उपकरणात सिमकार्ड असते, ते उपग्रहांवरून जागा ठरवते आणि मोबाईलच्या जाळ्यातून कळवते, म्हणून ते वरचेवर चार्ज करावे लागते. ब्लूटूथची बिल्ल्यासारखी उपकरणे एका बॅटरीवर सुमारे वर्षभर चालतात, परंतु जवळून जाणाऱ्या इतरांच्या फोनवर ती अवलंबून असतात. त्यामुळे पणजी किंवा मडगावच्या बाजारात ती कामाला येतील, सत्तरी तालुक्यातील काजूच्या बागायतीत मात्र त्यांचा भरवसा धरता येणार नाही. घेतलेले उपकरण खिशात घालून, बाबा ज्या वाटेने देवळात किंवा तिठ्यावर जातात त्या वाटेने आपण स्वतः एकदा चालून पाहावे. छत्रीशिवाय न निघणाऱ्या माणसाच्या छत्रीच्या मुठीत बिल्ला बसवणे हे मनगटाला पट्टा बांधण्यापेक्षा बरे. याखेरीज सोनाराकडून चांदीच्या कड्यावर आपला दूरध्वनी क्रमांक कोरून घ्यावा, तसेच दारोदार पाव विकणारा पोदेर, कोपऱ्यावरचा दुकानदार आणि नेहमीच्या बसचा कंडक्टर यांना परिस्थिती सांगून ठेवावी, कारण सिग्नल नसतो तेथेही ही माणसे असतात. रुग्ण सापडत नसेल तर घर, परसू आणि विहीर पाहून लगेच ११२ या क्रमांकावर कळवावे. संध्याकाळपर्यंत वाट पाहू नये.

स्वयंपाकघरात गॅसगळती ओळखणारे यंत्र जरूर लावावे, पण त्याची जागा गॅसच्या प्रकारावर ठरते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो, म्हणून यंत्र जमिनीपासून फूटभर उंचीवर हवे. नळातून येणारा नैसर्गिक गॅस हलका असल्याने तेथे ते छताजवळ लावतात. रात्री रेग्युलेटर बंद करण्याची जबाबदारी घरातील एकाच माणसाकडे द्यावी. इंडक्शनची शेगडी आपोआप बंद होते हे खरे, तरीही आयुष्यभर ज्वाळेकडे पाहून रांधलेल्या बाईला तिच्यावर काही शिजत आहे यावर विश्वास बसत नाही.

रात्रीसाठी हालचाल होताच पेटणारे छोटे दिवे पलंगापासून न्हाणीपर्यंत लावावेत आणि ते चार्ज होणारे असावेत, कारण पावसाळ्यात वीज नेमकी रात्रीच जाते. दाराशी काळे पायपुसणे ठेवू नये. काही रुग्णांना तो खड्डा वाटतो आणि ते तेथेच थबकतात. संडासची बैठक गडद रंगाची घ्यावी, पांढऱ्या फरशीवर पांढरी बैठक त्यांना दिसत नाही. पांढरा भात निळ्या किंवा तांबड्या ताटलीत वाढला तर तो नीट दिसतो. आधाराच्या दांड्या चोषणीने चिकटणाऱ्या मुळीच नकोत. चिऱ्याच्या जुन्या भिंतीत त्या गवंड्याकडून पक्क्या बसवून घ्याव्यात.

औषधांसाठी दिवसाला चार याप्रमाणे आठवड्याचे अठ्ठावीस कप्पे असलेली डबी मिळते. ती सांभाळणाऱ्याने भरावी आणि कुलपात ठेवावी.

वार, तारीख आणि सकाळ-दुपार मोठ्या अक्षरांत दाखवणारे घड्याळ उपयोगी आहे खरे, पण सहज मिळणारी बहुतेक घड्याळे इंग्रजीत असतात. पोर्तुगीज अमदानीत मराठी शाळेत शिकलेल्या आजीला देवनागरीतला ‘सोमवार’च वाचता येईल, तर लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळेत, गेलेल्या आजोबांना कदाचित रोमन अक्षरे जवळची वाटतील, तेव्हा लहानपणी गिरवलेली लिपी कोणती ते पाहून कपाटांवर आणि दारांवर हाताने चिठ्ठ्या लिहाव्यात. आवाजावर चालणारी यंत्रे आमच्या मराठी-कोंकणी मिश्र बोलण्यापुढे गोंधळतात. त्यापेक्षा एकच कळ दाबताच लागणारा रेडिओ किंवा जितेंद्र अभिषेकींची पदे भरून ठेवलेला लहान स्पीकर तिन्हीसांजेला अधिक उपयोगी पडतो. अबोलीची फुले आणि दोरा पुढे ठेवला तर नातवंडांची नावे विसरलेली आई वळेसर अजूनही बिनचूक गुंफते.

सांभाळणाऱ्यासाठी मात्र कोणतेही यंत्र निघालेले नाही. गोव्यातील ८१ कुटुंबांचा समावेश असलेली आणि २००८ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी आहे; तीत प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन माहिती आणि आधार दिल्यावर सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारलेले आढळले. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी विनामूल्य आहे.

दर तीन महिन्यांनी सगळ्या साधनांच्या बॅटऱ्या तपासताना ती साधने अजून उपयोगी आहेत का हेही पाहावे. आमच्या आईला चतुर्थीला वाचता येत असलेले घड्याळ शिगम्यापर्यंत तिला भिववू लागले, त्यातील बदलणारे आकडे कोणीतरी आतून हलवत आहे असे ती म्हणू लागली, तेव्हा आम्ही ते उतरवून त्या खिळ्याला पुन्हा कालनिर्णय टांगले.