कॉम्प्युटरला स्पीकर जोडताना या चुका टाळा

गणपती जवळ आले की बेळगावात घरोघरी माळ्यावरचे स्पीकर खाली उतरतात आणि मला फोन यायला लागतात. गेल्या वर्षी शहापुरातल्या मावशींचा आला. "गाणं वाजालंय बघ, पण गाणाराच गप्प हाय. येऊन बघून जा की."

लावले होते कुमार गंधर्व. जवळच्याच सुळेभावीत जन्मलेले, म्हणून मावशींना ते घरचे वाटतात. तंबोरा विहिरीच्या तळातून आल्यासारखा घुमत होता आणि कुमारांचा आवाज मात्र नव्हताच. स्पीकर दुकानात न्यायची तयारी झाली होती.

दोष पिनेत होता. स्पीकरच्या ३.५ मिलिमीटरच्या पिनेवर तीन भाग असतात: टोकाला डावा आवाज, मधे उजवा, बुडाशी दोघांचं सामाईक ग्राउंड, म्हणजे वीज परत जाण्याची वाट. पीन अर्धवट बसली की ग्राउंड टेकत नाही आणि स्पीकरला डाव्या-उजव्यातला फक्त फरक मिळतो. गायकाचा आवाज बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये दोन्हीकडे सारखा असतो, म्हणून तोच वजा होतो. जुनं मोनो रेकॉर्डिंग, म्हणजे दोन्हीकडे अगदी एकच आवाज असलेलं, असेल तर जवळजवळ सगळंच गप्प. पीन टक् आवाज येईपर्यंत आत ढकला. तरीही गायक परतला नाही तर पिनेच्या बुडाशी वायर हलकेच हलवून बघा. आवाज ये-जा करत असेल तर आतली तार तुटलीय. वायर बदला, स्पीकर नव्हे.

दुसरी चूक भोकाची. कॉम्प्युटरच्या मागे हिरवं भोक स्पीकरचं, गुलाबी माइकचं, निळं बाहेरून आवाज आत घेण्याचं. टेबलाखाली वाकून चाचपडत लावलं की हमखास गुलाबीत जातं. टॉर्च घ्या. कॉम्प्युटरच्या पुढच्या बाजूचं भोक मुकं असेल तर त्याची आतली वायर मदरबोर्डला जोडलेलीच नसते, असं पुष्कळदा दिसतं. ५.१ सेटला, म्हणजे पाच स्पीकर आणि जाड सुरांचा एक सबवूफर असलेल्या सेटला, तीन पिना लागतात: हिरवी पुढच्या स्पीकरांची, काळी मागच्यांची, केशरी मधल्याची आणि सबवूफरची. शिवाय विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ५.१ निवडावं लागतं.

सगळं बरोबर लावूनही शांतताच? मॉनिटर एचडीएमआयनं जोडलेला असेल तर विंडोज पुष्कळदा आवाज त्याच्याकडे पाठवतं. घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावरून आउटपुट बदला.

आता घुंsss असा आवाज. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तीच ऐकू येते. कॉम्प्युटरकडची पीन काढा, पण स्पीकर चालू ठेवा. घुमणं थांबलं तर दोन अर्थिंगांमध्ये फेरा तयार झालाय, तेव्हा स्पीकर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तेवढ्यानं भागलं नाही तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मधे जोडा. पीन काढूनही घुमत राहिलं तर दोष स्पीकरच्या आत आहे.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगतो. घुमणं जावं म्हणून कुणी प्लगची तिसरी, जाड पीन काढून टाकायचा सल्ला देईल. ऐकू नका. आवाज जाईलही, पण ती पीन शॉकपासून वाचवते, आणि आरतीच्या वेळी पोरं ओल्या हातांनी कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या कॅबिनेटला हात लावत असतात.

उघड्या तारांचे स्पीकर असतील तर लाल लालला, काळी काळीला. एकाच स्पीकरची अदलाबदल झाली तरी आवाज येतो, पण ढोलाचा दम निघून जातो आणि लोक सबवूफरला दोष देतात.

विसर्जनानंतर स्पीकर परत माळ्यावर जातात. खानापूर भागात पाऊस जास्त, त्यामुळे पिनेवर हिरवट थर धरतो. कोरड्या सुती फडक्यानं पुसून पिशवीत बांधा. आणि वायर आवळून गुंडाळू नका, पिनेजवळ एक वेटोळं सैल सोडा. मावशींची तार तिथंच कातरत आली होती.