नवशिक्यांना पारंपरिक कुंग फू शिकवताना : पहिले तीन महिने

नागपुरात कुंग फू शिकायला येणाऱ्यांपैकी बरेच जण उन्हाळी शिबिरातून येतात. परीक्षा आटोपलेल्या असतात आणि विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून हातात सात-आठ आठवडे मिळतात. पालकांना वाटतं, शिबिर संपता संपता मुलाने काहीतरी करून दाखवावं. मुलांना लाथा हव्या असतात. शिकवणाऱ्याने या दोन्हींना बळी पडू नये. पहिल्या तीन महिन्यांत द्यायच्या गोष्टी मोजक्या आहेत: उभं राहण्याचे चार-पाच पवित्रे, एक सरळ ठोसा, एक सरळ लाथ आणि शेवटी एक छोटा फॉर्म, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम. एवढं नीट बसलं तर पुढची वीस वर्षं त्यावर उभी राहतात. कच्चं राहिलं तर दुसऱ्याच वर्षी गुडघा बोलायला लागतो.

एकच शैली धरा

आठ ते पंधरा वयाच्या मुलांना उत्तर चीनमधली लांब पल्ल्याची शैली, म्हणजे चांग छुआन किंवा उत्तर शाओलिन, चांगली मानवते. त्यांचे सांधे मोकळे असतात आणि मोठ्या हालचालींत चूक लांबूनही दिसते. पस्तिशीपुढचे, दिवसभर खुर्चीत बसणारे लोक विंग चुनमध्ये लवकर रुळतात. पवित्रा अरुंद, हात जवळून चालणारे, आणि सोसायटीच्या छोट्या हॉलमध्येही सराव होतो. दक्षिणेकडची हुंग गार ही खालच्या, भक्कम पवित्र्यांची शैली. मांड्या कसलेल्या तरुणांना ती शोभते.

नवशिक्याला यातल्या दोन शैली एकदम देऊ नका. विंग चुनच्या मूळ पवित्र्यात पावलांची बोटं आणि गुडघे किंचित आत वळलेले असतात. मा बू, म्हणजे घोडेस्वाराच्या बैठकीत, गुडघा बाहेर, पायाच्या बोटांच्या दिशेनेच जायला हवा. एकाच महिन्यात दोन्ही शिकवले की मा बूमध्ये गुडघे आत पडायला लागतात, आणि ती सवय मोडायला शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. 1910 मध्ये शांघायला सुरू झालेल्या जिंग वू संस्थेत वेगवेगळ्या शैलींचे उस्ताद शिकवत, पण नव्या विद्यार्थ्याच्या हाती आधी थान थुई हा एकच पायाभूत संच दिला जाई. तोच शहाणपणा आपल्याही कामाचा.

जागा, बूट, वेळ

एका विद्यार्थ्याला दोन मीटर बाय दोन मीटर जागा धरा. बारा जणांसाठी साधारण सव्वापाचशे चौरस फूट लागतात, आणि शिकवणाऱ्याच्या वावरासकट सहाशे. बारापेक्षा जास्त नवशिके असतील तर मदतनीस हवाच, नाहीतर मागच्या रांगेतले गुडघे कोणी पाहणार नाही.

जाड टाचेचे रनिंग शूज चालत नाहीत. टाच वर उचललेली राहिल्याने बैठकीत गुडघे पुढे जातात आणि गुडघ्याच्या वाटीवर जास्त भार येतो. शाळेच्या पी.टी.चे पांढरे कॅनव्हासचे बूट उत्तम: तळ सपाट, पातळ आणि स्वस्त. पॉलिश केलेल्या टाइल्सवर मोजे घालून सराव करू देऊ नका. बागेत घेत असाल तर मुरुमापेक्षा माती किंवा हिरवळ निवडा.

मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिशी ओलांडतो. वर्ग पहाटे साडेपाचला सुरू करून पावणेसातच्या आत संपवा. गच्चीवर संध्याकाळी वर्ग ठेवू नका, स्लॅब रात्री आठपर्यंत वाफा टाकत असतो. हॉलमध्ये कूलर असेल तर दोन गोष्टी सांभाळा. कूलरसमोरच्या टाइल्सवर पाण्याचे बारीक तुषार बसतात आणि नेमका लाथ मारणाऱ्याचा उभा पाय तिथे घसरतो. ती पट्टी खडूने आखून मोकळी ठेवा. दुसरं, खिडक्या बंद करून कूलर चालवला की हवा दमट होते, घाम वाळत नाही आणि अंग तापतच राहतं. समोरची खिडकी उघडी हवी. दर पंधरा मिनिटांनी चार-सहा घोट पाणी सगळ्यांना सक्तीने पाजा. डोकं दुखणं, मळमळ किंवा अंगावर काटा येणं, यातलं काहीही दिसलं की त्या मुलाला सावलीत बसवा, पाण्याचा फडका मानेवर ठेवा आणि त्या दिवशी परत उभं करू नका. गोंधळल्यासारखं बोलत असेल तर थेट दवाखाना.

पहाटे उपाशीपोटी येणाऱ्या मुलांना बैठकीत चक्कर येते. अर्धा तास आधी एक केळं पुरतं. तर्री पोहे वर्ग संपल्यावर.

मा बू : यावर सर्वांत जास्त वेळ द्या

पाय जुळवून उभं करा. मग पावलांचे चवडे बाहेर, टाचा बाहेर, पुन्हा चवडे बाहेर, पुन्हा टाचा बाहेर. हुंग गारमध्ये पवित्रा असाच उघडतात, आणि यामुळे प्रत्येकाचं अंतर त्याच्या पावलाच्या मापाने आपोआप येतं. शेवटी दोन्ही पावलं समांतर, मधलं अंतर स्वतःच्या साधारण तीन पावलांएवढं. आता पाठ सरळ ठेवून खाली बसायचं. मांड्या जमिनीला समांतर हव्यात हे तयार विद्यार्थ्याचं माप झालं. नवशिक्याचा कुल्ला गुडघ्यापेक्षा एक वीत वर असला तरी चालेल. मुठी कमरेला, कोपरं मागे, नजर समोर.

पहिल्या आठवड्यात वीस सेकंद बसायचं, चाळीस सेकंद विश्रांती, असं चार वेळा. दर आठवड्याला पाच सेकंद वाढवा. बाराव्या आठवड्यात सव्वा मिनिट होतं आणि ते पुरेसं आहे. पाच-पाच मिनिटं बसवणारे शिकवणारे असतात. नवशिका एवढा वेळ नीट बसू शकत नाही, तो चुकीचं बसायला शिकतो.

थांबवायचं कधी, हे डोळ्यांनी ठरवा. मांड्या थरथरतात, ते ठीक आहे, तिथेच ताकद येते आहे. गुडघे आत पडायला लागले, की वेळ संपली, घड्याळात काहीही वाजू द्या. गुडघ्याच्या आतल्या बाजूला किंवा वाटीखाली दुखतं म्हणाला तर ताबडतोब उभं करा.

चुका बहुधा चारच दिसतात. गुडघे आत पडणं: कुल्ल्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू कमजोर असतात. गुडघ्यांच्या वर एक कापडी पट्टा सैल बांधा आणि तो ताणून धरायला सांगा, पाय आपोआप बाहेर राहतात. अंग पुढे कलणं: घोटा कडक असतो. भिंतीकडे तोंड करून, चवड्यापासून एक पाऊल अंतरावर बसवा. कपाळ भिंतीला लागलं की विद्यार्थ्याला आपली चूक स्वतःलाच कळते. कंबर मागे फेकणं: पोट ढिलं असतं. बेंबी किंचित आत घ्यायला सांगा, पण माकडहाड ओढून पुढे ढकलायला लावू नका, त्याने कंबर दुखते. आणि श्वास कोंडणं: सगळ्यांना मोठ्याने आकडे मोजायला लावा. मोजणारा श्वास कोंडू शकत नाही.

आखाड्यातून आलेली मुलं इथे वेगळी ओळखू येतात. बैठका मारून मांड्या लोखंडी झालेल्या असतात, पण बैठकीत टाचा उचलायची सवय असते. त्यांना ताकद शिकवायची नाही, टाच टेकवायला शिकवायचं आहे. अर्ध्या वेळेत तयार होतात.

बाकीचे पवित्रे

गोंग बू, म्हणजे धनुष्याचा पवित्रा. पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय सरळ, दोन्ही टाचा जमिनीवर. नवशिका हमखास दोन्ही पावलं एका रेषेत ठेवतो आणि बाजूने ढकललं की पडतो. जमिनीवर खडूने दोन समांतर रेघा मारा, मध्ये एक वीत अंतर, आणि एकेक पाऊल एकेका रेघेवर ठेवायला सांगा. मागचं पाऊल पंचेचाळीस अंशांत पुढे वळलेलं असावं. ते बाजूला वळलेलं राहिलं तर कंबर पुढे येत नाही आणि ठोशात जोर उतरत नाही. मागची टाच उचलली जात असेल तर ओरडू नका, पवित्रा लांब झाला आहे, अर्धं पाऊल आखूड करा.

शू बू या रिकाम्या पवित्र्यात जवळजवळ सगळा भार मागच्या पायावर असतो. पुढचं पाऊल उचलायला सांगा. धड न हलता उचललं तर बरोबर. श्ये बू, पाय एकमेकांत अडकवून खाली बसण्याचा पवित्रा, मुलांना खेळासारखा वाटतो. पू बू मात्र जपून: एक पाय पूर्ण दुमडलेला, दुसरा बाजूला लांब. मोठ्या माणसांना पहिले दोन महिने अर्ध्यापर्यंतच बसवा, हाताशी खुर्ची ठेवा. खांद्यावर दाब देऊन कोणालाही खाली ढकलू नका. स्प्लिटसाठी पाठीवर बसणं किंवा पाय ओढणं तर अजिबात नको. मांडीमागचा स्नायू हाडाजवळ फाटला तर महिनोन् महिने भरत नाही, आणि वाढत्या वयाच्या मुलांत हाडाचा तो भागच कच्चा असतो.

ठोसा आणि लाथ

मूठ वळताना चार बोटं गुंडाळून अंगठा बाहेरून, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या पेरांवर. लहान मुलं अंगठा आत दाबतात. पहिल्याच दिवशी प्रत्येकाची मूठ हातात धरून बघा. ठोसा कमरेपासून निघतो, तळहात वर. कोपर बरगडी घासत पुढे जातं आणि मूठ शेवटच्या टप्प्यात वळते. कोपर बाहेर उडत असेल तर भिंतीला बाजू देऊन, हातभर नव्हे, चार बोटं अंतर ठेवून उभं करा. कोपर भिंतीला आपटलं की पुढच्या वेळी आपोआप आत राहतं. हवेत ठोसे मारताना कोपर पूर्ण ताणून झटका देऊ देऊ नका, विशेषतः ज्यांची कोपरं उलटी वाकतात त्यांना. दहा ठोशांचे पाच संच, पहिला महिना सावकाशच.

"सर, किक कधी शिकवता जी?" हा प्रश्न तिसऱ्या दिवशी येतो. सरळ पायाची लाथ दुसऱ्या आठवड्यापासून द्या, पण कमरेच्या उंचीपर्यंतच. उभा पाय सरळ, त्याची टाच टेकलेली, उडणाऱ्या पायाचा चवडा स्वतःकडे ओढलेला, पाठ ताठ. डोकं लाथेकडे झुकलं की उंची खोटी आहे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत आधी पंधरा मिनिटं अंग गरम झाल्याशिवाय एकही लाथ नको.

पाऊण तासाच्या वर्गात साधारण दहा मिनिटं अंग मोकळं करणं, पंधरा पवित्रे, दहा ठोसे-लाथा, पाच मिनिटं पवित्र्यातून पवित्र्यात चालणं आणि पाच मिनिटं सैल होणं. प्रत्येक फेरीत एका विद्यार्थ्याची एकच चूक सुधारा. चार सांगितल्या की तो एकही सुधारत नाही.

फॉर्म आणि जोडीचा सराव

सातव्या-आठव्या आठवड्यात वू बू छुआन, म्हणजे पाच पवित्र्यांचा फॉर्म, सुरू करा. पाचही पवित्रे त्यात येतात: गोंग बूतला ठोसा, पुढे लाथ आणि ठोसा, वळून मा बू, खाली श्ये बू, गुडघा उचलून पू बू, शेवटी शू बू. आधी हात कमरेला ठेवून नुसते पाय शिकवा. पाय न बघता पडायला लागले की हात जोडा. दिवसाला दोनच हालचाली. विद्यार्थ्यांकडे पाठ करून दाखवा, म्हणजे डावं-उजवं उलटं होत नाही. दर दोन फेऱ्यांनी सगळ्यांना वेगळ्या भिंतीकडे तोंड करून उभं करा. एकाच भिंतीकडे बघून पाठ केलेला फॉर्म मैदानात गेल्यावर विसरला जातो.

जोडीचा सराव पहिला महिनाभर स्पर्शाशिवाय. एक ठोसा मारतो तो छातीच्या वीतभर अलीकडे थांबवतो, दुसरा फक्त एक पाऊल मागे किंवा बाजूला सरतो. यातून अंतर कळतं. पुढे हलक्या हाताने अडवणं. हात एकमेकांवर आपटून हाडं कणखर करण्याचे सराव नवशिक्यांना, त्यातही मुलांना, देऊ नका.

मुलं बोधिधर्माबद्दल, म्हणजे भारतातून चीनला गेलेल्या बौद्ध भिक्षूबद्दल, विचारतात, इथे तर हमखास. त्यांनी शाओलिन मठाला युद्धकला दिली ही आख्यायिका म्हणून सांगा. तिचा उगम 17 व्या शतकातल्या एका व्यायामग्रंथात सापडतो. शाओलिनचे भिक्षू लढले होते याचा शिलालेख 728 सालचा आहे, ती गोष्ट तितकीच रंगतदार आणि खरी आहे.

पालकांना पट्ट्याबद्दल पहिल्याच दिवशी सांगून टाका: पारंपरिक चिनी शैलींत रंगीत पट्टे नव्हते, आजचे पट्टे शाळांनी अलीकडे आणले. शिबिराच्या शेवटी दाखवायचंच असेल तर सगळ्यांनी रांगेत मा बू धरून वीस ठोसे एका आवाजात मारावेत. उत्तम दिसतं, आणि घाईघाईत पाठ करवलेला फॉर्म तिथे फसत नाही.

तीन महिन्यांनी चाचणी घ्या. मा बू सव्वा मिनिट, गुडघे जागेवर. गोंग बूत बाजूने हलका धक्का दिला तरी पाऊल न हलणं. दोन्ही पायांनी दहा-दहा लाथा, टाच टेकलेली. वू बू छुआन चारही दिशांना, शिकवणाऱ्याने न मोजता. हे जमलं त्याला थान थुईची पहिली ओळ द्या. ज्याचा गुडघा अजून आत पडतो त्याला आणखी महिनाभर पवित्र्यांवरच ठेवा, आणि का ठेवलं ते त्याच्या पालकांसमोर त्याला बसवून दाखवा.