जायरोस्कोप सरकला म्हणजे आइन्स्टाइन दिसला असं नाही: या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात कळव्याचा एक एम.एस्सी.चा मुलगा नौपाड्यात माझ्या घरी आला. काखेत लॅपटॉप, हातात मोबाइलमध्ये असते तसली जायरो चिप, फिरण्याचा वेग मोजणारी. "सर, पृथ्वीचं फिरणं पकडलं!" ठाण्याच्या अक्षांशावर, उभ्या अक्षाभोवती पृथ्वीच्या फिरण्याचा वाटा येतो ताशी जेमतेम ५ अंश. त्याचा आकडाही तिथेच घुटमळत होता. म्हटलं, चिप पालथी घाल. खरं फिरणं असतं तर चिन्ह उलटलं असतं. ते ढिम्म. पंखा बंद केला आणि आकडा आपला चढायला लागला. तो तापमान मोजत होता.

सापेक्षतावादाची अवकाशातली परीक्षा अभ्यासताना मुलं नेमकी याच जागी घसरतात. ग्रॅव्हिटी प्रोब बी हे यान २० एप्रिल २००४ रोजी सुटलं, ६४२ किमी उंचीवरच्या ध्रुवीय कक्षेत. आत पिंगपाँगच्या चेंडूएवढे, ३८ मिमी व्यासाचे चार क्वार्ट्‌झचे गोळे गरगरत होते; हेच यानाचे जायरोस्कोप. पृथ्वी आपल्या फिरण्याने भोवतालचं अवकाश ओढते, त्याने गोळ्यांच्या फिरण्याचा अक्ष वर्षाला ३९.२ मिलिआर्कसेकंद सरकायला हवा होता. एका अंशाचे ३६ लाख भाग करा, त्यातले ३९.

"गोळा गोल आहे, मग टॉर्क कुठून येणार?"

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. (टॉर्क म्हणजे अक्ष वळवू पाहणारा जोर.) गोळ्यांची गोलाई अणूंच्या काही डझन थरांइतकी अचूक होती. पण गोळ्यावर नायोबियमचा मुलामा होता, आणि धातूच्या पृष्ठभागाचं विद्युत विभव सगळीकडे सारखं नसतं, ठिगळाठिगळाचं असतं. गोळा ज्या कवचात फिरतो त्याच्या आतल्या भिंतीवरही तशीच ठिगळं. मधली फट ३२ मायक्रॉनच्या आसपास. ठिगळं एकमेकांना ओढतात, ढकलतात, आणि अक्ष हलतो. मापपट्टीला गोल असलेला गोळा विजेला ओबडधोबड असू शकतो. सिम्युलेशनमध्ये फक्त वस्तुमानाचा असमतोल धरून "त्रुटी नगण्य" असं लिहिणारे प्रकल्प मी दरवर्षी परत पाठवतो.

"जिकडे ढकललं, तिकडेच अक्ष झुकणार"

भोवरा फिरवलेल्या माणसाने तरी असं म्हणू नये. तिरपा झालेला भोवरा पडत नाही, आरेवर गोल डुलतो. इथेही गोळ्याचा अक्ष यानाच्या अक्षापासून थोडा कलला की ठिगळांचा टॉर्क त्याला कलाच्या दिशेत नेत नाही, काटकोनात सरकवतो. हे सरकणं कलाच्या प्रमाणात वाढतं आणि ३९ मिलिआर्कसेकंदांना सहज गिळून टाकतं.

पण त्या काटकोनातच सुटकेची वाट आहे. कलाच्या रेषेवर टॉर्कचा हात पोचत नाही, म्हणजे त्या रेषेवर जे सरकणं दिसेल ते सापेक्षतावादाचं. शिवाय यान आयएम पेगासी या ताऱ्याकडे रोखलेलं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून त्या ताऱ्याची दिसणारी जागा वर्षभरात सुमारे २०.५ आर्कसेकंद इकडेतिकडे होते, आणि तिच्याबरोबर कलाची दिशाही फिरत राहते. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम, दोन्ही घटक हाती येतात. मला तर हा सगळ्या मोहिमेतला सर्वांत देखणा भाग वाटतो.

"यान फिरतंय, मग सगळं सरासरीत जाईल"

यान दर ७७.५ सेकंदांनी स्वतःभोवती एक फेरी मारत होतं. चिप पालथी घालण्याचाच हा मोठा अवतार. बराचसा टॉर्क त्यात धुऊन निघतो, सगळा नाही. गोळ्याचा फिरण्याचा अक्ष गोळ्याच्या अंगातही हळूहळू भटकतो; त्याला पोलहोड म्हणतात. ऊर्जा झिजत गेल्याने त्या भटकण्याचा कालावधी बदलत होता. त्याच्या वारंवारितेची एखादी पट यानाच्या फेरीशी जुळली की अक्ष टुणकन जागा बदलायचा. आलेखात अशी उडी दिसली की ती खोडून रेषा ओढू नका. आधी पोलहोडची वेळ काढा, उडी त्या वेळेला पडते का ते बघा.

चार जायरोंची सरासरी आधीच काढणं हीही तसलीच घाई. सरासरीने गोंगाट कमी होतो, पण प्रत्येकाचा आपापला टॉर्क तिथेच राहतो.

संशय आला की संशयिताला मोठं करा. मुख्य मोजणी संपल्यावर, २००५ मध्ये, गोळ्यांना थंड ठेवणारं हेलियम संपण्याआधी मोहिमेच्या चमूने यान मुद्दाम ताऱ्यापासून वळवलं. कल वाढला, सरकणं वाढलं, टॉर्कची ओळख पटली. तरी हिशेब जुळायला २०११ उजाडलं: वर्षाला ३७.२ मिलिआर्कसेकंद, अधिक-उणे ७.२. म्हणजे साधारण १९ टक्क्यांची अनिश्चितता. ठरवलं होतं त्याहून बरीच ढोबळ. ती झाकली नाही, हे मला आवडतं. दुसरा परिणाम, जिओडेटिक, म्हणजे पृथ्वीच्या वस्तुमानाने अवकाश वाकल्यामुळे होणारं सरकणं, त्याच मापात ६६०६.१ अपेक्षित होता, ६६०१.८ मिळाला, अधिक-उणे १८.३.

कळव्याच्या पोराने आता चिप एका बिजागरीवर बसवली आहे. दर दहा मिनिटांनी सुलटी-पालथी करतो, आणि पंख्याशेजारी थर्मामीटर टांगलाय.