कोविडचा आणखी एक डोस जवळच्या केंद्रावर कसा घ्यावा

माझ्या मावशीला कोविडच्या अतिरिक्त डोससाठी तीन खेपा घालाव्या लागल्या. पहिल्या खेपेला केंद्रावर लस होती, टोचायला सिस्टर होत्या, पण घेणारी मावशी एकटीच होती. एका माणसासाठी दहा डोसांची कुपी फोडता येणार नाही, असं सांगून तिला परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला माणसं जमली होती, पण तिच्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती. मावशीचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालंय. ज्या गोळ्या ते मूत्रपिंड सांभाळतात, त्याच तिची प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. लसीची सगळ्यात जास्त गरज तिला, आणि हेलपाटेही तिलाच. आधी एक नीट फोन केला असता तर त्या दोन्ही खेपा वाचल्या असत्या. तो फोन कसा करायचा आणि त्याआधी काय हाताशी ठेवायचं, ते इथे लिहितो आहे.

आधी ठरवा: तुम्हाला नेमका कोणता डोस हवा आहे?

'बूस्टर' आणि 'अतिरिक्त डोस' हे दोन शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. केंद्रावर मात्र त्यावरून घोटाळा होतो, म्हणून फरक समजून घ्या.

बूस्टर म्हणजे लसीकरण व्यवस्थित झालं होतं, शरीराने प्रतिसादही दिला होता, पण काळाबरोबर संरक्षण ओसरलं, म्हणून दिलेली उजळणी. संसर्गापासूनचं संरक्षण काही महिन्यांत कमी होतं. गंभीर आजारापासूनचं त्यापेक्षा जास्त टिकतं. अतिरिक्त डोसची गोष्ट वेगळी. ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी कमकुवत झालेली आहे, त्यांच्या शरीरात नेहमीच्या डोसांनी पुरेसं संरक्षण तयारच होत नाही. त्यांच्यासाठी हा डोस मूळ लसीकरणाचाच भाग. म्हणून तो लवकर द्यायचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अशा लोकांसाठी अतिरिक्त डोसची शिफारस केली, तेव्हा अंतर सांगितलं होतं एक ते तीन महिन्यांचं. बूस्टरचं अंतर सहसा सहा महिने किंवा त्याहून जास्त असतं. तुम्ही अतिरिक्त डोस मागायला गेलात आणि समोरच्याने बूस्टरचा हिशेब लावला, तर 'अजून वेळ झालेली नाही' हेच उत्तर मिळणार.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी मार्चमध्ये तिच्या तज्ज्ञगटाने प्राधान्यक्रमही बदलला होता. वयस्कर माणसं, मधुमेह किंवा हृदयविकारासारखे आजार असलेले, प्रतिकारशक्ती कमी असलेले (यात अवयव प्रत्यारोपण झालेले आणि एचआयव्हीसह जगणारेही आले), गरोदर स्त्रिया आणि रुग्णांच्या थेट संपर्कात काम करणारे आरोग्य कर्मचारी यांना शेवटच्या डोसनंतर सहा किंवा बारा महिन्यांनी पुन्हा डोस द्यावा, असं त्या गटाने सुचवलं. निरोगी तरुण माणसाला दरवेळी नवा डोस घ्यायलाच हवा, असं त्यात नाही. देशोदेशीचे नियम याच चौकटीत थोडे मागेपुढे होतात, त्यामुळे वयाची अट आणि अंतर दोन्ही आपल्या आरोग्य विभागाकडून ताजं विचारून घ्या. वर्षभरापूर्वी शेजाऱ्याला मिळाला म्हणून आपल्याला आज मिळेल, असं धरून चालू नका.

कार्ड शोधा, तारीख पाहा

जुनं लसीकरण कार्ड किंवा प्रमाणपत्र काढा आणि चार गोष्टी एका कागदावर उतरवा: आतापर्यंत किती डोस झाले, प्रत्येकाची तारीख, लसीचं नाव, आणि त्यावर तुमचं नाव कसं लिहिलंय. यात शेवटच्या डोसची तारीख सगळ्यात महत्त्वाची. ठरलेल्या अंतराला चार दिवस कमी असले तरी नोंदणीची यंत्रणा नाव घेत नाही, आणि तिथे बसलेल्या माणसाच्या हातात फारसं काही नसतं.

कार्ड हरवलं असेल तर लस घेतलेल्या केंद्रावर किंवा सरकारी नोंदणीत तुमची नोंद असते. तेव्हा दिलेला फोन नंबर आठवून ठेवा, बहुतेकदा शोध त्यावरच होतो. अनेक घरांत एकाच नंबरावर चार-पाच जणांची नोंद झालेली आहे. तो नंबर मुलाचा असेल तर त्या दिवशी मुलाचा फोन जवळ हवा. नावाच्या स्पेलिंगमध्ये किंवा जन्मसालात फरक असेल तर दुरुस्ती डोस घेण्यापूर्वीच करून घ्या. नंतर दोन वेगवेगळ्या माणसांच्या नावावर तुमचे डोस विखुरलेले निघतात आणि ते एकत्र करायला फार वेळ जातो.

आधीची लस आता मिळत नाही, हीसुद्धा नेहमीची चिंता. वेगळ्या कंपनीची लस पुढच्या डोसला चालते. जागतिक आरोग्य संघटनेने असे मिश्र डोस मान्य केले आहेत. विषाणू बदलत गेला तशा लसीही बदलल्या: २०२३ मध्ये एक्सबीबी.१.५ आणि २०२४ मध्ये जेएन.१ या प्रकारांवर बेतलेल्या लसींची शिफारस झाली. त्यामुळे 'मला तीच जुनी हवी' असा हट्ट धरू नका. उलट, सध्या कोणती आवृत्ती उपलब्ध आहे ते विचारा.

डॉक्टरांची चिठ्ठी

वयाच्या निकषात बसत असाल तर ओळखपत्र पुरतं. आजारामुळे डोस हवा असेल तर मात्र चिठ्ठी घ्याच. तीत तीन ओळी पुरेत: आजाराचं किंवा उपचाराचं नाव, त्यामुळे प्रतिकारशक्ती कमी असल्याचा स्पष्ट उल्लेख, आणि 'अतिरिक्त डोस द्यावा' ही शिफारस तारखेसह. मावशीच्या फाइलमध्ये चाळीस कागद होते, पण त्यातला एकही हे तीन शब्दांत सांगत नव्हता. टेबलापलीकडच्या माणसाने चाळीस कागद वाचावेत, ही अपेक्षा बरोबर नाही.

त्याच भेटीत औषधांच्या वेळापत्रकाबद्दल विचारा. रिटुक्सिमॅबसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शन ठराविक महिन्यांनी घेत असाल तर ते घेतल्यावर लगेच दिलेली लस जवळपास वाया जाऊ शकते. पुढचा डोस जवळ आला असेल तर त्याच्या सुमारे चार आठवडे आधी लस घेणं बरं पडतं. मेथोट्रेक्सेट (संधिवातासारख्या आजारात देतात ती गोळी) चालू असेल तर लसीनंतर ती आठवडा-दोन आठवडे थांबवायची का, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नका. प्रत्यारोपणाच्या गोळ्या तर एक दिवसही नाही.

आता फोन

केंद्र शोधायला आरोग्य विभागाचं संकेतस्थळ किंवा हेल्पलाइन वापरा. पण तिथे 'उपलब्ध' दिसलं म्हणून निघू नका. अनेक ठिकाणी कोविडची लस आता रोज दिली जात नाही. कारण कुपीतच दडलेलं आहे.

काही लसींच्या एका कुपीत दहा डोस असतात, काहींत पाच किंवा सहा. यातल्या अनेक लसींत परिरक्षक, म्हणजे उघडल्यावर जंतू वाढू न देणारा पदार्थ, नसतं, त्यामुळे रबराच्या बुचातून पहिली सुई आत गेली की घड्याळ सुरू होतं. सहा तासांत, काही लसींच्या बाबतीत बारा तासांत, उरलेलं सगळं टाकून द्यावं लागतं. न उघडलेल्या कुपीलाही मुदत असतेच. साध्या लसी २ ते ८ अंश सेल्सियसला राहतात. एमआरएनए लस (फायझर, मॉडर्नाच्या लसी या प्रकारच्या) खोल गोठवलेल्या अवस्थेतून फ्रीजमध्ये आणली की तिला काही आठवडेच मिळतात आणि ती परत गोठवता येत नाही. म्हणून केंद्रं माणसं जमवून एक दिवस ठरवतात. मावशीला परत पाठवणाऱ्या सिस्टरांचा मला त्या दिवशी राग आला होता. कुपीचा हिशेब कळल्यावर तो राहिला नाही. राग एवढाच उरला की हे फोनवर कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

तर फोनवर असं बोला:

"नमस्कार, माझ्या मावशीला कोविडचा अतिरिक्त डोस द्यायचा आहे. वय अडुसष्ट, मूत्रपिंड प्रत्यारोपण झालंय, डॉक्टरांची चिठ्ठी आहे. शेवटचा डोस अमुक तारखेला झाला. तुमच्याकडे कोविडची लस कोणत्या वाराला देतात? त्या दिवशी कुपी उघडायला किती माणसं लागतात? आत्ता किती नावं आहेत? आमचं नाव लिहून घ्याल का? कुपी उघडणार हे ठरलं की या नंबरावर कळवाल का?"

मग लसीचं नाव, पूर्वनोंदणी लागते का, सोबत काय आणायचं, आणि जिना चढावा लागतो का, हेही विचारून घ्या. बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. आदल्या संध्याकाळी पुन्हा एकदा फोन करा. आमच्या तिसऱ्या खेपेला या दुसऱ्या फोनमुळेच वेळ बदलल्याचं कळलं.

ओळखीत आणखी कुणाचा डोस राहिला असेल तर त्यांनाही त्याच दिवशी न्या. पाच माणसं एकत्र गेली की कुपी फोडायला कुणी कां-कूं करत नाही. एकेका डोसच्या भरलेल्या सिरिंज जिथे येतात, तिथे ही अडचणच नसते, तेव्हा तेही विचारून पाहा. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी घरी येऊन लस देण्याची सोय आहे का, हे केंद्रालाच विचारा. काही ठिकाणी असते आणि न विचारल्यामुळे कळत नाही.

नकार मिळालाच तर कारण स्पष्ट विचारा. 'अंतर पूर्ण नाही', 'साठा नाही', 'तुम्ही निकषात बसत नाही' या तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. पहिल्याला योग्य तारीख मागा, दुसऱ्याला दुसरं केंद्र, आणि तिसऱ्याला चिठ्ठी दाखवून वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलू द्या म्हणा. डायलिसिस, कर्करोग किंवा प्रत्यारोपण विभागात उपचार चालू असतील तर तिथल्या कर्मचाऱ्यांना आधी विचारा. असे रुग्ण त्यांच्याकडे रोजच येतात, त्यामुळे वाट त्यांना माहीत असते.

त्या दिवशी

साधी सर्दी असेल तर अडत नाही. ताप किंवा चांगलंच आजारपण असेल तर बरं होईपर्यंत थांबा. नुकताच कोविड होऊन गेला असेल तर किती थांबायचं ते डॉक्टरांना विचारा. नेहमीची औषधं आणि जेवण चुकवू नका. दुखू नये म्हणून आधीच पॅरासिटामॉल घेऊन जाऊ नका. नंतर ताप किंवा अंगदुखी झाली तर घेता येते. खांद्यापर्यंत सहज वर जाणारी बाही घाला.

सुई टोचण्याआधी या गोष्टी स्वतःहून सांगा, कुणी विचारायची वाट पाहू नका. आधीच्या लसीने किंवा कोणत्याही इंजेक्शनने तीव्र ॲलर्जी झाली होती का, ते सांगा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर बारीक सुई वापरतात आणि नंतर निदान दोन मिनिटं जागा घट्ट दाबून धरायची असते, चोळायची नाही. डायलिसिससाठी हातात फिस्टुला (शस्त्रक्रियेने शीर आणि धमनी जोडलेली जागा) असेल तर लस त्या हातात नको. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर दुसरा हात पुढे करा. फ्लूची लसही राहिली असेल तर बहुधा त्याच भेटीत, दुसऱ्या दंडात घेता येते.

लस दिल्यावर पंधरा मिनिटं बसायचं. पूर्वी ॲलर्जीचा त्रास झालेल्यांनी अर्धा तास. 'मला काही होत नाही' म्हणत उठून जाणारे बरेच दिसतात. कृपा करून थांबा. तीव्र ॲलर्जी दुर्मीळ असते, पण ती झालीच तर बहुतेकदा पहिल्या काही मिनिटांतच कळते आणि उपचाराची इंजेक्शनं त्याच खोलीत असतात.

निघण्यापूर्वी कार्ड हातात घेऊन वाचा: नाव, तारीख, लसीचं नाव, बॅच क्रमांक. नोंद 'बूस्टर' म्हणून झाली की 'अतिरिक्त डोस' म्हणून, तेही पाहा, कारण पुढचं अंतर यावरूनच मोजलं जाईल. चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या आणि मग फोटो काढून घरातल्या दोघांना पाठवून ठेवा.

घरी आल्यावर

दंड दुखणं, थकवा, डोकेदुखी, थोडा ताप हे एक-दोन दिवस चालतं. काखेत गाठ आल्यासारखं वाटू शकतं, ती बसते. मात्र जवळच्या काळात मॅमोग्राफी (स्तनांची एक्स-रे तपासणी) ठरली असेल तर लसीची तारीख आणि हात तिथे सांगा, नाहीतर त्या गाठीवरून उगाच घाबरगुंडी उडते. छातीत दुखणं, धाप लागणं, धडधड वाढणं असं काही पहिल्या आठवड्यात जाणवलं तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. एमआरएनए लसींनंतर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचे प्रकार फार थोडे आहेत आणि ते मुख्यतः तरुण मुलग्यांत दिसले, पण लक्षण अंगावर काढायचं नाही.

संरक्षण त्याच रात्री उभं राहत नाही, साधारण दोन आठवडे लागतात. प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसात ते डोसनंतरही अपुरं राहू शकतं. म्हणून मावशी दवाखान्याच्या गर्दीत अजूनही मास्क लावते, आणि घरात कुणाला खोकला असला की ते माणूस तिच्या खोलीत जात नाही. ताप आला तर पहिल्याच दिवशी तपासणी करायची हेही ठरवून ठेवलंय, कारण कोविडवरच्या विषाणुरोधक गोळ्या लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करायच्या असतात, आणि तिच्या नेहमीच्या गोळ्यांशी त्यातल्या काहींचं जमत नाही. ते बोलणं आम्ही तिच्या डॉक्टरांशी आधीच करून ठेवलं. तुम्हीही चिठ्ठी घ्यायला जाल तेव्हाच करून ठेवा.